भरलेल्या गाड्या

६ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होतं. हे आधीच लिहितो, कारण तुम्ही तेच विचारलं असतं. म्हणजे फोन उचलला असतात तर.

सध्या एका ट्रकवर क्लीनर आहे. ड्रायव्हरकाका असे घोरतात की इंजिन लाजेल. परवा कुत्र्याचं एक पिल्लू आपणहून केबिनमध्ये चढलं, उतरायला तयार नाही. काका म्हणाले, "हेही तुझ्यासारखंच, घरातून पळालेलं." असो, भरकटलो.

ताई सांगत होती, प्राणवायू मोजायचं ते बोटाला लावायचं यंत्र तुम्ही आता स्वतःच्या बोटाला लावून बसता. कुणाशी बोलत नाही.

यंत्र मीच पाठवलं होतं. आईला जिना चढताना धाप लागायची, तुम्ही ते तिच्या बोटाला लावायचात, अठ्ठ्याण्णव टक्के यायचे. मी फोनवर म्हणायचो, "एवढे टक्के आपल्या घराण्यात कुणाला मिळालेत?" आई हसायची. तुम्ही म्हणायचात, "म्हातारपणी गोरी व्हायला लागलीस की." त्यावरही हसायची.

काल एका दवाखान्यात माल उतरवला. तिथल्या डॉक्टरबाईंना सगळं सांगून विचारलंच, यंत्र बिघडलं होतं का? त्या म्हणाल्या, नाही. मग मला कळेल असं सांगितलं. रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे ट्रक. फुप्फुसात प्राणवायू भरायचा आणि पार पायाच्या बोटापर्यंत पोचवायचा. यंत्राला एवढंच दिसतं, की रस्त्यावरच्या गाड्या भरलेल्या आहेत का. गाड्या उरल्यात किती, ते दिसत नाही. आईच्या पोटात आतल्या आत रक्त जात होतं, हे आपल्याला शेवटी कळलं. गाड्या कमी कमी होत गेल्या, उरलेल्या मात्र गच्च भरून धावत होत्या.

म्हणजे आकडा खरा होता, बाबा. धापही खरी होती.

शेवटच्या सकाळी तुम्ही तिला म्हणालात, "अठ्ठ्याण्णव आहे, नाटकं पुरे." ताईने रडत सांगितलं मला. आईला स्मशानात पोचवायला मी आलो नाही ते त्यामुळे. रस्ता बंद आहे असं कळवलं होतं. रस्ता चालू होता. तुमचं तोंड बघायचं नव्हतं मला.

बाईंनी सांगितलं ते ऐकून ट्रकच्या मागे जाऊन बसलो. तुमच्या जागी मी असतो तर मीही आकड्यावरच विश्वास ठेवला असता. ठेवलाच होता की, इतक्या लांबून.

शनिवारी तिकडचा माल आहे. तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल. मी नुसता शेजारी बसेन. या वेळी पुढच्या गावी जायची घाई नाही.

अजूनही तुमचाच,
धाकटा