मालकाच्या कपाटातलं ओळखपत्र

३ जून
आज परत मागितलं. माझं ओळखपत्र! अकरा महिने मालकाच्या कपाटात कुलूपबंद. एलेउतेरिओ मालक हसला — "पोरी, तुझ्या आईला शब्द दिलाय मी. या ब्युनोस आयर्समध्ये चोर फार. माझ्याकडेच असू दे."
चोर फार, हे मात्र खरं!

६ जून, रविवार
बाजारात कासिल्दामावशीकडे सुकवलेले बटाटे घ्यायला गेले. आमच्याच गावची, पोतोसीची बाई, इथं वीस वर्षं काढलेली. बोलता बोलता म्हटलं, मालकाच्या सहीशिवाय मला या देशात राहता येत नाही. तर तराजू खाली आपटून ओरडलीच — "कुणी सांगितलं गं तुला? बोलिव्हिया न् आर्जेन्टिना, शेजारच्या देशांचा करार झालाय! ओळखपत्र ने, गुन्हा नसल्याचा दाखला ने, राहायचा परवाना घे. त्यात तुझ्या मालकाचा काय संबंध?"
रडू नाही आलं. राग आला. अकरा महिने पोलीस दिसला की भिंतीला चिकटून चालले मी!

८ जून
सकाळी शिलाई मशीन सुरूच केली नाही. जीन्सचा ढीग तसाच. "आधी ओळखपत्र."
मालक लालबुंद. "बसमध्ये कोंबून परत पाठवतील, मग माझं नाव काढशील!"
मी हात मांडीवर ठेवून बसले. तेवढ्यात शेजारच्या फ्लोरिंदाने मशीन बंद केली. "माझंही द्या, मालक." मग पलीकडची. मग सहाच्या सहा. त्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मी आज पहिल्यांदा ऐकली.

९ जून
दिलं! अंगावर फेकलं, पण दिलं. फोटोत किती बावळट दिसते मी!

१४ जून
काम सोडलं. कासिल्दामावशीच्या माडीवर राहते, दुकानात मदत करते. मालक गावभर सांगत सुटलाय म्हणे — "नेमेसिया बेइमान निघाली." निघाली तर निघाली! दाखल्याचा अर्ज टाकलाय. परवान्यासाठी पाच जुलैची तारीख मिळाली.

५ जुलै
परवान्याची रांग. मागे कुणीतरी टोपी डोळ्यांवर ओढून उभं. बघते तर मालक! हातात स्वतःचं ओळखपत्र — बोलिव्हियाचं, माझ्यासारखंच.
"चौदा वर्षं झाली," हळूच म्हणाला. "माझ्याकडेही परवाना नाही. नेमेसिया... इथं खरंच धरत नाहीत ना गं?"