दोन्हीकडं सांगा

४ नोव्हेंबर

आज कोरपन्याले आली. नात दिव्यानी घेऊन आली, कंपनीच्या गाडीत, एसी लावून. क्वार्टर पक्कं आहे, नळाले दिवसभर पाणी. एका अंगाले सिमेंट कारखान्याची धूळ, दुसऱ्या अंगाले फुटलेला कापूस, अन् मधात हिच्या कामाचं ते डाटा सेंटर. कंप्युटरच्या मशीनींचं गोदामच म्हणा. आत मशीनींले थंडी, बाहेर माणसांले ऊन. दिव्यानी म्हणे, आजी, माझं डोकं नको खाऊ, बोलायचं ते या वहीत लिही. चौथी शिकलेल्या बाईले वही देते, पोरीची अक्कल पाहा. पण सुनेच्या हातची पाणचट भाजी सुटली, म्हणून आज मन खूश आहे.

८ नोव्हेंबर

पोरीचं काम काय ते आज समजून घेतलं. गायकी गावाचं गोहन, साऱ्यांची ढोरं, चारायले नेतो, तव्हा ज्याच्या त्याच्या ढोराच्या शिंगाले रंग असते. तसं इथी एकएका मशीनीच्या पत्त्याले टॅग बांधतात. कंपनीचं दुसरं गोदाम आरमोरीले उभं होऊन राह्यलं. टॅग पाहून तिथलं गोदाम ठरवते, हा पत्ता आपण ओळखायचा का नाई. त्या टॅगले हे कम्युनिटी म्हणतात. म्हटलं, मशीनीलेही जात चुकली नाई तर.

विचारलं, एकच पत्ता दोन गावी दिसला तर? म्हणे, जिथून शेवटी आवाज आला ते खरं, पहिला रस्ता मोडून टाकतात. म्हटलं, माणसांतही हेच चालते बाई.

१३ नोव्हेंबर

आरमोरीचं गोदाम सुरू झालं. धनराज साहेब म्हणजे तिचा वरचा. त्यानं सांगितलं होतं, कोरी मशीन घे अन् तिच्या पत्त्याले टॅग लावून पाह्य. हिनं स्वतःच्या फोनच्या पत्त्याले लावला, दोन्हीकडं सांगा असा, म्हणजे दोन्ही गोदामांनी ओळखायचा. फोन हातातच होता, म्हणे. इथली दारंही त्याच फोननं उघडतात, हाजरीही त्याच्यावरच. घरचंच वळण आहे. हिचा बाप विहिरीत उतरे तव्हा दोर बांधत नव्हता.

१६ नोव्हेंबर

सकाळी आरमोरीहून फोन आला. तिथला चौकीदार, बाबूभाई. म्हणे, बाई, तुमची नात आली आहे, उपाशी दिसते, बोलत नाई, फोनमधी घरचा म्हणून तुमचाच नंबर निघाला, तुमचीच आहे न? मले वाटलं गेली असन कामानं. म्हटलं, हो भाऊ, माझीच आहे, जेवू घाला. कोणी ओळख विचारली अन् दारात कोणी उपाशी उभं असलं तर नाई म्हणायची आमच्यात रीत नाई.

अर्ध्या घंट्यानं दिव्यानी जेवाले घरी आली. चपला काढल्या, वरणाले नावं ठेवली.

आरमोरी इथून गाडीनं चार-पाच घंटे.

१८ नोव्हेंबर

पोरीनं टॅग काढून टाकला. तरी आरमोरीहून हिच्याच पत्त्याचा आवाज येतो, दर मिनिटाले. इथला रस्ता मोडला. दार उघडलं नाई, चौकीतून परत पाठवली. धनराज साहेब म्हणे, आरमोरीवालीची ओळख घरच्यांनी फोनवर पटवली आहे, तशी नोंद आहे.

घरचे म्हणजे मी.

मी पोरीले घेऊन त्याच्यापुढं गेली, म्हटलं, साहेब, डोळे फुटले काय तुमचे, हे समोर उभी आहे न. त्यानं माझ्याकडं पाह्यलं. तिच्याकडं नाई पाह्यलं.

२० नोव्हेंबर

मेसवाली सुलताना. मी यायच्या आधी पोरीनं दीड वर्ष तिच्या हातचं खाल्लं. आज मेसमधी गेलो तर हिचं ताट नाई मांडलं. मी भांडली. म्हणे, आजी, कोणासाठी मागता? दिव्यानी तर आरमोरीले आहे. ही बाजूलेच उभी होती, माझा पदर धरून. चोवीस वर्षाची पोर.

मी बाबूभाईले फोन केला. म्हटलं, भाऊ, चुकली मी, ते माझी नाई. तो हसला. म्हणे, बाई, पोरीवर इतकं रागावू नका, गुणाची पोर आहे.

२२ नोव्हेंबर

ते आली, आरमोरीवाली. कंपनीच्या गाडीतून. तोच चेहरा, हनुवटीवर तोच तीळ. वाकून पाया पडली. आमची कधी पडली नाई— सणालेही नाई. गोड बोलते. सून फोनवर तिच्याशी घंटाभर बोलली, म्हणे पोर सुधारली.

आमची कोपऱ्यात बसून आहे. आईले फोन लावते. लागत नाई.

२३ नोव्हेंबर

आज मीच चुकली. चहा दोनच कप केला— एक माझा, एक तिचा. नवीचा.

जुनी रिकाम्या ओट्याकडं पाहून राह्यली.

२४ नोव्हेंबर, दुपार

एक गॅसपाशी. भाकरी करते, गोल, एकही करपली नाई. दुसरी बाहेर— सकाळी कपडे वाळू घालाले गेली, मागून कोणी कडी लावली? मी? — दार पिटते. म्हणते, आजी, मी आहे. शिवी तरी दे. रोज देतेस ते दे.

मले माहीत आहे कोणती आपली. उठाचं, कडी काढाची. पण आधी नाव घेऊन हाक मारली पाह्यजे, सारी क्वार्टरची लाईन ऐकन अशी. तोंडानंच नवीले घरात घेतलं मी, आता तोंडानंच—

तोंड उघडलं.

बाहेरची रडते. माझ्या पोराची पोर. तिचं नाव— काल तोंडात होतं— तिचं—

गॅसपाशी ते विचारून राह्यली, आजी, कोणाशी बोलतेस, दारात तर कोणी—