ताईचे ऊन आणि माझे रक्त

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना उतरू देतो असे आईकडून कळले. चढू देतो की नाही हे तिने विचारले नाही, म्हणून मी विचारत आहे. मामींची कवळी एव्हाना बसली असेल. इकडे सर्व ठीक, असे लिहायची पद्धत आहे.

पत्राचे कारण ताई. तिला ल्युपस आहे हे तुम्हाला माहीतच आहे (शरीर स्वतःलाच चोर समजून बडवते, असा तो आजार, तुम्ही फोनवर ज्याला ‘अंगातली उष्णता’ म्हणता, तो हा नव्हे). उन्हाने तो उफाळतो, म्हणून मी घरातल्या प्रत्येक खिडकीला काळी फिल्म लावली. गाड्यांच्या नि दुकानांच्या काचांना फिल्म लावणे हाच माझा धंदा असल्याने एकही बुडबुडा राहिला नाही. न्हाणीघराचा झरोकाही सोडला नाही. आई भरदुपारी दिवा लावून सुईत दोरा ओवू लागली आणि ताई मला ‘पहारेकरी’ म्हणू लागली.

मग रक्त तपासले, तर ताईचे ड जीवनसत्त्व पार तळाला गेलेले. लगेच तुमचा निरोप आला, की पोरीला गच्चीत उन्हात बसवा, नाहीतर माझ्या अंगणात पाठवा, इथे ऊन नुसते वाया जाते आहे. राग नसावा मामा, पण आईने तुमचे ऐकले. मी कामावर असताना दोघी गच्चीत बसल्या. संध्याकाळपर्यंत ताईच्या गालांवर लाल चट्टे उठले, आणि पुढे बोटे अशी सुजली की तिला कपाचा कान धरवेना. डॉक्टरीणबाईंनी आईला झापले आणि आईने, तिथे तुम्ही नसल्यामुळे, मला. ऊन नको, गोळ्या घ्या, असे बाई म्हणाल्या. मी विचारले, ड कमी झाले म्हणून आजार वाढतो, की आजार वाढला म्हणून ड कमी होते? त्या म्हणाल्या, “दोघं पुष्कळदा एकत्र दिसतात. पण कोण कोणाला घेऊन आलं, ते अजून नक्की कळलेलं नाही.” एवढी शिकलेली बाई असे म्हणते, तेव्हा नववीत शाळा सोडलेल्याची झोप उडणारच.

ड च्या गोळ्या सुरू झाल्या (बाकीची औषधे चालू होतीच). काही महिन्यांत ताईच्या बोटांची सूज उतरली, चट्टे गेले, आणि तिने जाहीर केले, की चष्म्याच्या कारखान्यात भिंगे घासायच्या जुन्या कामावर परत जाणार, तिथल्याच वसतिगृहात राहणार. पुढच्या तपासणीत आजार शांत दिसला तर खुशाल जा, असे बाईंनीही सांगितले. म्हणजे सगळे रक्तावर आले. आता प्रयोगशाळेचा काटा बरोबर आहे, हे कशावरून? आमच्या धंद्यात नवी मापपट्टी जुन्या, खात्रीच्या पट्टीशेजारी धरून बघतात. म्हणून ताईबरोबर मी माझेही रक्त दिले. मी धडधाकट माणूस. माझे ड ठीक आले तर तिचेही आकडे खरे, असा साधा विचार.

ताईचा आजार शांत निघाला. ड सुद्धा भरून आलेले. माझे मात्र तिच्या पहिल्या आकड्याच्याही खाली! साहजिकच प्रयोगशाळा खोटी ठरली. मी दुसरीकडे गेलो. तिथे आणखी कमी आले, म्हणजे तीही खोटी. रक्त काढणारा म्हणाला, “दादा, आता तिसरीकडे जाऊ नका, काढायला काही उरायचं नाही.” हे घरी सांगितले तर ताईला हसता हसता ठसका लागला. “अरे, आजारी मी, आणि अंधाराची वाळवी तुला लागली!”

तेव्हा मामा, मागणे एवढेच. तुम्ही वडीलधारे आहात, ताईला थांबायला सांगा. असल्या बेभरवशाच्या आकड्यांवर विसंबून ती कशी जाते? मी तो कारखाना बघून आलो. तळघरात आहे, ऊन मुळीच येत नाही. फिल्म लावावी अशी एकही खिडकी नाही. मला तिथे करण्यासारखे काहीच नव्हते.

तुमचा काळजीतला भाचा

ता. क. पत्र टाकायचे राहून गेले. ताई आज सकाळी गेली. छत्री, टोपी, गोळ्या, सगळे तिने स्वतःच आठवणीने घेतले. मला काही विचारावे लागले नाही. वरची विनंती रद्द समजावी.

आणखी एक ता. क. निघताना तिने माझ्या ताटाशेजारी गोळ्यांचे पाकीट ठेवले (बाईंना माझ्या रक्ताचा कागद दाखवून चिठ्ठी तिनेच आणली होती) आणि बजावले, “माझ्या खोलीची फिल्म राहू दे, सुट्टीला येईन तेव्हा लागेल. तुझ्या खोलीची काढ.” सकाळपासून खरवडतो आहे, निघत नाही. काम चांगले झाले आहे. शिवाय बाई म्हणतात, काचेआडच्या उन्हाचा ड साठी तसाही उपयोग नाही. तुमच्या अंगणात ताईसाठी राखलेले ऊन अजून तसेच पडून असेल, तर रविवारी मी येतो. खुर्ची माझी मी आणीन. ताईला मात्र कळवू नये. ती मला छत्री घेऊन बसायला लावेल.