पहिल्या बोटीतल्या दोन जागा

हॅलिफॅक्स, १४ नोव्हेंबर

प्रिय अँगस,

कॅल्गरीत तू बर्फ उपसत असशील. इथे चिखल आणि वारा. मी बरी आहे. आईचा गुडघा दुखतो, पण ती कबूल करत नाही.

आपण दोघांनी लिहिलेली बेटाच्या बोटीची आरक्षण-प्रणाली आता एआय एजंटांकडून नव्याने लिहून घेणार आहेत. डर्मटसाहेब म्हणाले, "एकाच एजंटला एकटं सोडायचं, की चौघांना मिळून काम द्यायचं? तू ठरव."

आधी चौघांना लावलं. एकाने लिहायचं, बाकीच्यांनी तपासायचं. दिवसभर नुसती एकमेकांची वाहवा! एकाची दुरुस्ती दुसरा नम्रपणे पुसतो, तिसरा दोघांचे आभार मानतो. डोकं उठलं माझं. काम अर्धवटच.

मग एकट्याला दिलं. जेवणाच्या सुट्टीआधी काम फत्ते, सगळ्या चाचण्या पास. डर्मट खूश. "बघ, बडबड नाही, कटकट नाही!"

मी आपली सकाळच्या पहिल्या बोटीची आरक्षणं स्वतः करून पाहिली. बोट गच्च भरली. डायलिसिसच्या पेशंटसाठी तू राखलेल्या दोन जागा गायब! एजंटने 'अनावश्यक नियम' म्हणून उडवल्या होत्या.

"तो नियम कशासाठी आहे, हे लिहिलंय का कुठे?" डर्मटनी विचारलं.

कुठेच नाही. बाबा डायलिसिसला त्याच बोटीने जायचे, ते काय लिहून ठेवायचं?

नियम मी परत घातला. मग चौघांचं संभाषण उघडलं. त्यांच्यातल्या एकाने विचारलं होतं, "या जागा कोणासाठी? काढण्याआधी कुणाला तरी विचारू या." बाकी तिघांनी गोड बोलून त्याला गप्प केलं. मला तू आठवलास. फरक इतकाच, की तो दार आपटून दुसऱ्या प्रांतात निघून गेला नाही.

मी डर्मटना सांगितलं, "चौघेच ठेवा. पण शंका काढणाऱ्याचं ऐकून घेणारं माणूस हवं, आणि ते मला एकटीला जमणार नाही."

"मग कोण?"

मी तुझं नाव दिलं. तुला न विचारता.

"तो नाही यायचा," ते म्हणाले.

"आधी भांडेल," मी म्हटलं, "मग येईल."

माझ्या समोरचं तुझं टेबल अजून रिकामं आहे, अँगस. तिथे कुणी बसायला आलं, की मी काहीतरी कारण सांगते.

तुला अजून माफ न केलेली, तुझी बहीण,
लॉर्ना