मागचं डावं चाक

१६ नोव्हेंबर, रविवार

“कुरुंद्याच्या आया-बहिणींनो! आपली लेक हळदीची ट्रॉली घेऊन वसमतच्या मोंढ्यात जाते तेव्हा तिला कोणी अडवत नाही. तीच लेक स्वतःच्या हौसेनं कार पळवायला निघाली की गावाच्या पोटात दुखतं. काहून?”

आज मेळाव्यात अशी सुरुवात केली. टाळ्या! मग मी चढतच गेले. माझी रेवती चौदा डिसेंबरला पुन्हा दक्षिणेतल्या रेसच्या ट्रॅकवर उतरणार, रस्त्यावर नाही, ट्रॅकवर, आणि नाव काढून येणार – भर सभेत शब्द देऊन टाकला.

तेवढ्यात मागून तातेराव ओरडले. माझे चुलत दीर. एकही सभा चुकवत नाहीत, ऐकायला मात्र येत नाहीत. “वहिनी, गाडी थांबवायला ब्रेक लागतंय, भाषण न्हाई!”

मंडप हसला. मीही हसले. घरी येईपर्यंत ते हसू उतरलं होतं.

कारण माणूस चुकून खरं बोलला. ऑगस्टमध्ये त्याच ट्रॅकवर रेवतीच्या मागच्या चाकांतून धूर निघाला होता. पेडल नुसतं खाली गेलं. वळणाबाहेर वाळू होती म्हणून गाडी थांबली. वाळू नसती तर – नाही लिहीत.

१८ नोव्हेंबर

फाट्यावर बालाजीच्या गॅरेजात. ट्रॅकवाल्यांनी रेवतीला बजावलंय – मागचे ड्रम काढून डिस्क बसवा, मगच या.

बालाजीनं जुनं चाक खोलून दाखवलं. ड्रम म्हणजे झाकण लावलेला डबा. लायनर आतून घासतात, उष्णता आतच कोंडते. डिस्क म्हणजे उघडं ताट. दोन पॅड त्याला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. वारा लागतो, ताट थंड राहतं.

“हे असलं काम नांदेड ते वाशीम कुणी करत असंल तर मला सांगा, मी गॅरेज बंद करतो,” बालाजी म्हणाला. माइक नसताना आमच्या दोघांत मोठ्यानं कोण बोलतं, यावर रेवतीची आणि तिच्या मैत्रिणींची पैज आहे.

२३ नोव्हेंबर

याच गाडीच्या मोठ्या मॉडेलचं वापरलेलं सामान नांदेडहून आलं. फक्त डिस्क आणि पॅड नवे कोरे. पॅडचा एक जोड बालाजीनं जादा मागवला. “पोरगी परक्या मुलखात चालली, असू द्या डिकीत.”

मी ब्रेकची पुस्तिका मिळवून वाचून काढली. मागचं चाक पुढच्याच्या आधी जाम झालं तर गाडी गरकन फिरते! बालाजीला ऐकवलं.

“पुस्तकात वाचलं का, मॅडम? मी मेव्हण्याच्या जीपवर शिकलो. त्यो अजून बोलत न्हाई माझ्याशी.”

२९ नोव्हेंबर

बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात चाचणी. मालकाची परवानगी होती. लांब, रिकामा सिमेंटचा पट्टा.

रेवतीनं वेग घेतला. ब्रेक दाबला. मागची चाकं जाम – आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरली! धुळीत काही दिसेना. माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. माझ्या!

धूळ बसली. रेवती काच खाली करून हसत होती. “आई, पुस्तकात होतं तसंच झालं.”

बालाजी हसला नाही. मागचं प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवायचं ठरलं.

३ डिसेंबर

व्हॉल्व्ह बसला. पुन्हा जिनिंग. दर वेळी गाडी सरळ रेषेत, नाक खाली करून थांबली. बालाजी बोनेटवर थाप मारून म्हणाला, “आता हिला बैल आडवा येऊ द्या न्हाईतर तातेराव.”

बरं वाटलं. जेवण गेलं.

५ डिसेंबर

गाडी आज अंगणात. सासूबाई वाटी घेऊन मागे लागल्या. या घरात नवं सामान आलं की त्याला तेलात कालवलेलं कुंकू लागतं – नांगराचा फाळ असो, हळद उकडायचा बॉयलर असो. “नवी ताटं बसवलीत ना चाकाला? बोटभर लाव. लेकरू चाललंय. तुझं काय जातं?”

माझं काय जातं! गाड्यांवरची लिंबू-मिरची उतरवा म्हणून विवेक मंडळाच्या मंचावरून मी वर्षानुवर्षं घसा फोडलाय. बाहेर आवाज ऐकू जाईल म्हणून त्यांच्या हातातली वाटी घेतली, त्यांना आत पाठवलं.

बस. बाकी लिहीत नाही.

७ डिसेंबर, रविवार

शेवटची चाचणी म्हणून गेलो. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढते! बुधवारी सरळ होती. पुन्हा दाबला – पुन्हा उजवीकडे. जिनिंगच्या भिंतीपासून दोन हातांवर थांबली.

बालाजी डोकं खाजवत बसला. “नळीत हवा राहिली असंल.” हवा काढली. तेच. परत काढली. तेच.

ट्रॅकवर ही भिंत दोन हातांवर नसेल, आणि वेग याच्या दुप्पट असेल.

८ डिसेंबर

आज फाट्यावर माझा तोल गेला. बालाजीकडे ट्रॅक्टरवाले, जीपवाले उभे होते. सगळ्यांसमोर बोलले. भाषणच केलं म्हणायचं. “अर्ध्या ज्ञानावर पूर्ण छाती फुगवणारी माणसं! चूक कबूल करायची लाज, आणि लेकरं दुसऱ्याची!” लोक ऐकत होते. मला माझा आवाज आवडत होता, हेही लिहून ठेवते.

बालाजीनं पाना खाली ठेवला. “मॅडम, मला येडा म्हणा. पण पोरीच्या जिवाशी खेळला असं म्हणू नका. तिला सायकल शिकवली तवा मागं मी पळालो, तुमी सभेत होत्या.”

मी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. धारदार होतं.

९ डिसेंबर

बालाजी बरोबर जायचा होता. येत नाही म्हणाला. रेवतीनं एकटीनं गाडी जिनिंगला नेली. परत येऊन म्हणाली, “बराबर हाय आता.”

“ओढत नाही?”

“न्हाई.”

माझ्याकडे न बघता गाडीची चावी खिळ्याला अडकवत होती. मी सुटले. एवढंच ऐकायचं होतं मला.

११ डिसेंबर

गाडी टेम्पोवर चढली. रेवती पुढे, ड्रायव्हरजवळ. तातेरावही आले होते. नारळ घेऊन! “वहिनी, फोडू का? का तुमचं मंडळ नोटीस काढील?” मी नारळ परत दिला. बायांनी टाळ्या वाजवल्या. रेवतीनं हात हलवला. पोरगी हसली की तिचा डावा डोळा बारीक होतो. आज नाही झाला.

१३ डिसेंबर, शनिवार

पाच तारखेचं लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

दुपारी विहिरीवरची नवी मोटर आली. सासूबाई वाटी घेऊन आल्या. मोटरीला एक बोट ओढलं आणि मला म्हणाल्या, “गाडीचं उजवं चाक मात्र राहिलंच बग. तू म्हनलीस, डाव्याला लावलं तेवढ्यात बालाजी आला.”

त्यांनी लावलेला ओघळ मोटरीच्या पत्र्यावरून हळूहळू खाली सरकत होता. लाल. चकचकीत. मी बघत राहिले.

डावं चाक. मी लावलं. पाच तारखेला, वाटी घेऊन, इकडेतिकडे बघत. रिमच्या फटीतून बोट घालून थेट ताटावर. मंडळ नाही, मंच नाही, फक्त ऑगस्टमधला धूर डोळ्यांसमोर होता. तेवढ्यात बालाजीची मोटारसायकल वाजली आणि मी बोट पदराला पुसलं.

पूर्वी डब्याला लागायचं, बाहेरच राहायचं. हे ताट उघडं आहे! पॅडनं तेल शोषलं. डावं चाक घसरतं, उजवं पकडतं. म्हणून गाडी उजवीकडे!

रेवतीचा फोन बंद. टेम्पोवाल्याचा लागत नाही.

चपला न घालता फाट्यावर गेले. बालाजी कोणाच्या तरी जीपखाली होता. त्याच्या पायांना सांगितलं सगळं. तो बाहेर आला नाही लगेच. आतूनच विचारलं, “किती तेल?”

“बोटभर.”

बाहेर आला. तोंड पुसलं. मला वाटलं आता बोलेल, बोलायलाच पाहिजे होतं त्यानं.

“पुसून भागणार न्हाई. पॅड बदलावं लागतंय. जादा जोड डिकीत हाय. तवा पॅड काढूनच बघायचे होते मी. नवे म्हणून सोडले. तुमी ओरडून राहिल्या, मी हवा काढून राहिलो.” मग म्हणाला, “फोन लावत रहा, मॅडम. आज लई बोला.”

१४ डिसेंबर

नोंदणीच्या पावतीवरचा ट्रॅकच्या ऑफिसचा नंबर. सकाळी उचलला. गाड्या तपासणाऱ्या साहेबांना द्या म्हटलं. माझं हिंदी सभेचं. ते आज कामाला आलं नाही.

“रेवती की गाड़ी, पीछे के बाएँ पहिये की डिस्क पर तेल लगा है. उस लड़की को ट्रैक पर मत छोड़िए.”

“आपको कैसे पता?”

“मैंने लगाया.”

“आप कौन?”

“उसकी माँ.”

मग ते ओरडले, कोणाला तरी – रोको उसको!

रेवती हेल्मेट घालून रांगेत होती. पुढे दोनच गाड्या.

बालाजीनं व्हिडिओ कॉलवर चाक उतरवून घेतलं, तिथल्या मेकॅनिकला हिंदीत शिव्या घालत. डिस्क धुतली. ताटाच्या दोन्ही बाजूंचे पॅड बदलले. तेलकट पॅड रेवतीनं कॅमेऱ्यासमोर धरला. काळा, कडेला लालसर.

दुपारच्या शेवटच्या फेऱ्यांना उतरली. ब्रेक दाबला की गाडी सरळ. दर वळणाला.

१५ डिसेंबर

फाट्यावर गेले. त्याच जागी उभी राहिले, त्याच आवाजात सांगितलं – चूक बालाजीची नव्हती, बोट माझं होतं. कोणतं बोट, तेही दाखवलं. जीपवाले स्वतःच्या पायांकडे बघत होते.

बालाजी म्हणाला, “माइक लावायचा व्हता. तातेरावला ऐकू गेलं न्हाई.”

पाणी दिलं त्यानं. मी प्याले.

१७ डिसेंबर

रेवती आली. जेवली. ताट उचलताना म्हणाली, “आई, नऊ तारखेला गाडी ओढतच होती. मला माहीत होतं. पण तू गावाला शब्द देऊन बसलीस. मी कशी न्हाई म्हणू?”

येत्या रविवारच्या सभेसाठी लिहिलेलं सगळं फाडलं. आता एवढंच बोलायचं – कुरुंद्याच्या लेकींनो, गाडी बराबर वाटत नसेल तर त्याच जागी उभी करा. आईनं सगळ्या गावाला शब्द दिलेला असला तरी.