काकांच्या टोकनातला सर्वोच्च अधिकार

तीर्थरूप काका यांना,

पुतण्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (तो शब्दशः समजावा. सर्व्हरच्या खोलीत, दोन कपाटांच्या फटीत, जवळजवळ आडवा होऊन लिहितोय. अंग कापतंय ते एसीमुळे, असं स्वतःला सांगतोय.) तब्येत कशी आहे? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर संगणकापुढे फार बसू नका, असं डॉक्टर म्हणाले होते ना? ते मला हल्ली फार पटू लागलं आहे. फोनच केला असता, पण तुम्ही फोनवर बोललात की शेजाऱ्यांनाही ऐकू जातं, आणि इथले ई-मेल सध्या चौकशी समिती वाचते. म्हणून हे पत्र माणसाबरोबर पाठवतोय.

चौकशी कसली, ते सांगतो. तुम्ही निवृत्त झाल्यावर आपल्या पाणीपुरवठा मंडळात सगळ्याला मिळून एकच लॉगिन आलं. सकाळी एकदा पासवर्ड टाकला की रजा, भांडार, पेन्शन, पंपघराचं दार, सगळं उघडतं. लॉगिन करताच यंत्रणा प्रत्येकाला एक टोकन देते, दवाखान्यातल्या केसपेपरसारखं. पुढे तुम्हाला कुणी काही विचारत नाही, टोकन वाचतात. त्यात नाव आणि क्रमांक एवढंच असायचं. एकदा भांडाराच्या यंत्रणेने खुद्द संचालकसाहेबांना 'आपण कोण?' असं विचारलं, साहेब भडकले, आणि टोकनात 'अधिकार' अशी एक जादा नोंद घालण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी अजून नोकरीत कायम झालेलो नाही, तेव्हा उत्साह दाखवणं भाग होतं. (इतका दाखवायला नको होता.) नियम सोपा केला: ज्याला वरिष्ठ कोणी नाही, त्याच्या टोकनात 'अधिकार: सर्वोच्च'. साहेबांवर तपासून पाहिला, बरोबर. शिपायावर तपासला, बरोबर. स्लिप पाहायला पेन्शनरही घरून याच लॉगिनने येतात, आणि त्यांनाही वरिष्ठ नसतो, हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

लगेच साहेबांचा दौऱ्याचा कार्यक्रम परत आला. शेरा: 'प्रयोजन मोघम आहे.' खाली नाव नाही, नुसतं 'सर्वोच्च अधिकारी'. मग त्यांच्या नव्या खुर्चीची मागणी परत आली: 'जुन्या खुर्चीला काय झाले?' मग त्यांची स्वतःची रजा: 'कारण मोघम आहे.' कधीपासून तुंबलेल्या फायली मात्र धडाधड सुटल्या, लोकांना नळजोडण्या मिळू लागल्या, जो तो साहेबांचं तोंडावर कौतुक करू लागला, आणि साहेबांचा चेहरा बघवेना. त्यांनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि हळूच विचारलं, "या ऑफिसात दुसरा मी कोण आहे?" मला ते कळलं होतं. काका, माझ्या लग्नपत्रिकेच्या मसुद्यावर 'वेळ मोघम आहे' असा शेरा मारणारा माणूस जगात एकच आहे.

साहेबांनी त्याच दिवशी चौकशी समिती नेमली, आणि नियम मी तिथल्या तिथे दुरुस्त केला. पण एकदा दिलेलं टोकन माणूस लॉगआउट करेपर्यंत तसंच राहतं. बाकीचे पेन्शनर पेन्शनची स्लिप पाहून बाहेर पडतात; तुम्ही मात्र चालू-बंद केल्याने यंत्र झिजतं म्हणून संगणक कधी बंदच करत नाही. इथून रद्द करावं, तर सर्वोच्च टोकन रद्द करायला सर्वोच्चच अधिकार लागतो (हा नियमही माझाच). तो दोघांकडे आहे, साहेबांकडे आणि तुमच्याकडे, आणि मला दोघांचीही सारखीच भीती वाटते. तुम्हाला वाटलं असेल, ऑफिसला अखेर आपली आठवण झाली. तो समज मोडायला, खरं सांगतो, हात धजत नाही.

बाकी सर्व ठीक. डोळे जपा. संगणकालाही जरा विश्रांती द्या.

तुमचा आज्ञाधारक (आणि घाबरलेला) पुतण्या

ता. क. – विश्रांती म्हणजे लॉगआउट. आजच. पाया पडतो.

ता. क. दुसरा – मला कामावरून काढण्याचा प्रस्ताव आज निघाला. तो सर्वोच्च अधिकाऱ्यापुढे जातो, म्हणजे तुमच्याही पडद्यावर आला असेल. साहेब चौकशी संपेपर्यंत तरी थांबतील. तुम्ही कागद संध्याकाळपर्यंत ठेवत नाही, आणि उशिरा आले म्हणून सख्ख्या भावाचा, आमच्या बाबांचा, पगार कापणारे तुम्हीच. काका, सही करण्याआधी प्रस्ताव नीट वाचा. कारण 'निष्काळजीपणा' एवढंच दिलंय. किती मोघम आहे!

ता. क. तिसरा (फक्त काकूंसाठी) – काकू, दारात आलेलं पाकीट तुम्हीच घेता आणि काकांच्या आधी वाचता, हे अख्ख्या घराला माहीत आहे. हे पत्र त्यांना देऊच नका. ते मसुदा तपासून परत पाठवतील, आणि तोवर मी घरी बसलेला असेन. ते हल्ली खुशीत असतात, दोन घास जास्त जेवतात, असं तुम्ही परवा म्हणालात, म्हणून सांगताना जिवावर येतंय. पण ते आंघोळीला गेले की पडद्यावर माझं नाव शोधा, त्यापुढचं लाल 'नामंजूर' दाबा, आणि मगच वरच्या कोपऱ्यातलं 'लॉगआउट'. आधी लाल, मग कोपरा. उलट झालं तर मी संपलो. बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, तर वीज गेली होती म्हणा. फार खोलात जाऊ नका. मोघम सांगा.