ढगाळ हवेत ड्रायर मिळणार नाही

तीर्थरूप अक्का,

दोन्ही हात जोडून नमस्कार (उजवा हात लिहिण्यात गुंतला आहे, त्यामुळे तूर्त मनातल्या मनात). तुमचा गुडघा आता कसा आहे? साडूसाहेबांचा खोकला? मी फोन करून विचारणारच होतो, नव्हे, केलाही होता, पण तुमच्याकडे तो उचलून लगेच ठेवला गेला. दुसऱ्यांदा तर माझा 'हॅलो' मधला 'लो' राहूनच गेला. लाइनमध्ये काही बिघाड असावा. म्हणून म्हटलं, सविस्तर पत्रच लिहावं. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. (म्हणजे देता येतं, पण कृपया देऊ नका.)

तुमची धाकटी बहीण सध्या तुमच्याकडे आहे, तेव्हा झाल्या प्रकाराची एक बाजू तुमच्या कानावर गेलीच असेल. ती खोटं बोलणारी नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. फक्त बोलण्याच्या भरात काही तांत्रिक मुद्दे तिच्याकडून सुटले असतील, तेवढे मी भरून काढतो.

तुम्हाला माहीतच आहे, आमच्या घरात माणसं तीन, मी, ती आणि माझे वडील अण्णा, पण पुढच्या खोलीत तिचं पार्लर असल्यामुळे वीज लागते ती एखाद्या लहानशा कारखान्याइतकी. ड्रायर आहेत, वाफेचं यंत्र आहे, केस सरळ करायच्या इस्त्र्या आहेत आणि त्या मोठ्या आरशाच्या चारी बाजूंनी दिवे आहेत. यंदा उन्हाळ्यात जे बिल आलं, त्यावरचा आकडा मी स्वतः चष्म्याचं दुकान चालवत असूनही मला चष्मे बदलून बदलून पाहावा लागला. प्रत्येक नंबरातून तो तेवढाच दिसला. मग मी काटकसरीला लागलो. जिथे माणूस नाही तिथला दिवा बंद, असा साधा नियम केला. पहिल्याच दिवशी न्हाणीघरातला दिवा बंद केला तेव्हा आत अण्णा होते. त्यांनी आतून जे शब्द वापरले ते मी उभ्या जन्मात त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. फ्रिजचं दार उघडण्याआधी काय हवंय ते ठरवून यावं, असंही मी सुचवलं. त्यावर तुमची बहीण फ्रिजसमोर खुर्ची टाकून डोळे मिटून बसली आणि म्हणाली, "ठरवतेय."

तेव्हा गच्चीवर सौर पॅनेल बसवायची कल्पना पुढे आली. (ती कोणाची, यावर आमच्यात मतभेद आहेत. तिने सुचवली आधी, पण मी ती चारचौघांत बोललो आधी.) पॅनेलवाले आले, गच्चीवर सांगाडा उभा केला, तिरकी निळी पॅनेलं चढवली, जिन्यातला मीटर बदलला आणि जाताना त्यांच्या प्रमुखाने सगळी व्यवस्था समजावून सांगितली. निदान तुमची बहीण तसं म्हणते. मी त्या वेळी त्यांच्या माणसाला शिडीवरून उतरताना पायरी दाखवत होतो, त्यामुळे माझा मधला भाग हुकला. मला सुरुवात ऐकू आली, "दिवसा वीज तयार होते", आणि शेवट ऐकू आला, "मग काही काळजी नाही." पुढे जे काही झालं ते या मधल्या भागामुळे झालं, हे लक्षात घ्यावं.

आता ॲपबद्दल. फोनवर एक ॲप येतं, त्यात दोन रेघा दिसतात. हिरवी म्हणजे आपल्या गच्चीवरची वीज, लाल म्हणजे बाहेरून घेतलेली. अक्का, ती हिरवी रेघ सकाळी जमिनीवरून उठते आणि दुपारी अशी काही डोंगरासारखी चढते, की माणसाला आपण स्वतः काहीतरी कर्तबगारी केल्यासारखं वाटतं. आणि लाल दिसली की माझा हात आपोआप बटणाकडे जातो. एवढा सूर्य डोक्यावर असताना बाहेरची वीज घ्यायची म्हणजे घरात पंगत बसलेली असताना शेजारी जेवायला जाण्यासारखं. मी ठरवलं, उन्हं असेपर्यंत आपल्या घरात लाल रेघ दिसता कामा नये.

म्हणून कपडे धुणं दुपारी, इस्त्री दुपारी, पाण्याचा पंप दुपारी, आणि गरम पाण्याची आंघोळही दुपारीच. अण्णांना सकाळी उठल्या उठल्या आंघोळ लागते. ते दोन दिवस माझ्याकडे नुसते बघत राहिले आणि तिसऱ्या दिवशी खांद्यावर टॉवेल टाकून शेजारच्या शिंप्याकडे आंघोळीला गेले. मी दुकानात असलो तरी लक्ष ॲपवर असायचं. एकदा एक गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं वाचत होतं आणि इकडे लाल रेघ ताडकन उभी राहिली. मी फोन लावून ओरडलो, "बंद करा! आधी बंद करा!" गिऱ्हाइकाने घाबरून दोन्ही डोळे बंद केले. तो भला माणूस मी फोन ठेवेपर्यंत तसाच बसून होता.

पार्लरच्या दारावर मी एक पाटी लावली, 'ढगाळ हवेत ड्रायर मिळणार नाही.' तुमच्या बहिणीने ती काढली. मी परत लावली. तिने परत काढली. मग मी ती आतून दिसणार नाही अशी बाहेरच्या बाजूने, जरा उंचावर लावली. शिंप्याची बायको हल्ली केस धुवायला येण्यापूर्वी रस्त्यात उभी राहून आभाळ बघते, याचं कारण तुमच्या बहिणीला बरेच दिवस कळत नव्हतं.

आता तो दिवस. बाजाराची सुट्टी होती, म्हणून मी घरी होतो. आमच्या इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई केस सरळ करून घ्यायला आल्या होत्या. संध्याकाळी शाळेत समारंभ होता, पाहुणे येणार होते, बाईंना मंचावर बसायचं होतं. या बाई प्रथमच आमच्याकडे आलेल्या. त्या खूश झाल्या तर शाळेतल्या सगळ्या शिक्षिका येतील, म्हणून तुमची बहीण सकाळपासून आरसा पुसत होती. हे काम नाजूक असतं म्हणे. आधी औषध लावायचं, मग धुवायचं, मग ड्रायर, मग एकेक बट घेऊन इस्त्री, आणि मध्ये थांबायचं नाही. डावी बाजू झाली. पट्टीने आखल्यासारखी. आणि नेमका तेव्हा ढग आला.

मी गच्चीवर खुर्ची टाकून बसलो होतो. लाल रेघ अशी उसळली, की मी उभाच राहिलो. वरून हाका मारल्या, पण खाली ड्रायर चालू. कोणाला काय ऐकू जाणार? मग मी जिना उतरलो, मीटरशेजारचा फ्यूज उपटला आणि ढग केवढा आहे ते बघायला परत वर धावलो. कठड्यावरून वाकून पाहिलं. ढग लहानसाच होता. पण वाकताना हातातला फ्यूज निसटला आणि खाली फरशीवर पडून त्याच्या चिनी मातीचा चुरा झाला. दुसरा आणावा तर बाजार बंद. तेवढ्यात ऊन पडलं, आणि काय सांगू, लख्ख! (इथे साडूसाहेब हसत असतील तर त्यांना थांबवा, खोकला वाढेल.) पण घरात वीज नाही. बाहेरचा पुरवठा तुटला की ही पॅनेलंसुद्धा सुरक्षेसाठी आपणहून थांबतात, ही नवी माहिती मला त्या दिवशी मिळाली.

बाई बाहेर आल्या. डावीकडून पाहिलं तर शिस्त, उजवीकडून पाहिलं तर मधली सुट्टी. डोक्याला रुमाल बांधला आणि गेल्या. मग तुमची बहीण बोलली, हातात इस्त्री तशीच धरून. "अहो, जास्तीची वीज बाहेर जाते, मीटर ती मोजतो, आणि आपण बाहेरून घेतो ती त्यातून वळती होते. ढग आला तरी, संध्याकाळ झाली तरी. त्यासाठीच तर बसवलंय ना सगळं? तुम्ही सूर्य नाही आहात, नवरा आहात. ढग आला म्हणून माझं दुकान बंद करणारे तुम्ही कोण?" हाच तो मधला भाग.

एवढ्यावरही ती गेली नसती, अक्का. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा फ्यूज बसला आणि तिने एका साडीला इस्त्री करायला घेतली. मी सवयीने खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. फक्त पाहिलं. ती साडी चुरगळलेलीच बॅगेत गेली.

तेव्हापासून आमच्याकडे दिवसभर लाल रेघ दिसत नाही. हिरवी नुसती डोंगरावर डोंगर रचते आहे. मी अण्णांना तो आलेख दाखवला. ते म्हणाले, "स्मशानातसुद्धा विजेची अशीच बचत होत असेल." परवा दुपारी मी पार्लरमध्ये गेलो. आरशाभोवतीचे दिवे लावले. ड्रायर सुरू केला आणि नुसताच हातात धरून उभा राहिलो. काही वाळवायचं नव्हतं. सहा महिने मी ज्या आवाजावर खेकसत होतो, तो आवाज ऐकत होतो. एवढ्यात आतून अण्णांनी हाक मारली, "आलीस का गं?" मी ड्रायर बंद केला. आत जाऊन त्यांना 'नाही' म्हणालो, आणि दिवे तसेच राहिले.

काल मुख्याध्यापिकाबाई दुकानात आल्या, नंबर तपासायला. डोक्याला रुमाल होताच. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मध्येच अंधार करणार नाही ना?" मी हात जोडून माफी मागितली. "मुलं मला काय म्हणतात माहीत आहे?" त्यांनी विचारलं. "फिफ्टी-फिफ्टी. आणि माझी कसली माफी मागताय? जिची मागायची तिची मागा. माझं अर्धं डोकं तिने केलंय, उरलेलं तीच करेल. मी दुसरीकडे जाणार नाही." मग त्यांनी शेवटची ओळसुद्धा न अडखळता वाचून दाखवली. त्यांना चष्म्याची गरजच नव्हती. मला हे सांगायलाच त्या आल्या होत्या.

तसं पाहता पॅनेलं उत्तम आहेत. नवं बिल आलं ते बघून अण्णांनी पाकिटात आणखी एखादा कागद राहिलाय का, ते उलटं करून झटकून पाहिलं. तिचे सगळे ड्रायर, इस्त्र्या, दिवे चालूनही एवढंसंच. माझ्या पहाऱ्यामुळे त्यात काही फरक पडला का, असं मी पॅनेलवाल्यांना फोन करून विचारलं. पॅनेलांवरची धूळ अधूनमधून पुसत जा, एवढंच त्यांनी सांगितलं.

असो. तिला लगेच पाठवा असा माझा मुळीच आग्रह नाही. बहिणीकडे आली आहे, मनसोक्त राहू दे. इथे आमचं दोघांचं अगदी उत्तम चाललं आहे. गुडघ्याला जपा.

तुमच्या धाकट्या बहिणीचा (अजून तरी) नवरा

ता. क. उत्तम चाललेलं नाही. अण्णा कालपासून माझ्याशी बोलत नाहीत, फक्त शिंप्याशी बोलतात. तिला उद्याच पाठवा. चुकलं माझं, हे तिला वाचून दाखवा, आणि वाचताना आवाज जरा पडेल ठेवा. ती येत नसेल तर मी न्यायला येतो. तुम्ही दार उघडाल की नाही, तेवढंच कळवा.

आणखी एक. दारावरची पाटी मी फाडली आहे आणि फोनमधलं ते ॲप अण्णांच्या देखत काढून टाकलं आहे. यापुढे घरातल्या विजेत मी अजिबात लक्ष घालणार नाही. शब्द देतो.

शेवटचं. तुमच्या गच्चीवर वारा कसा असतो? हल्ली घरगुती पवनचक्क्या मिळतात म्हणे, तुमच्या पाण्याच्या टाकीशेजारी एक सहज मावेल. मी फक्त मोजमाप घेईन. हिला काही बोलू नका.